दोन मिनिटं आणि चोवीस वर्षं

ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिकचा शेवटून दुसरा दिवस. शनिवार होता, मी सोफ्यावर आठवड्याचे कपडे घड्या घालायला घेऊन बसले होते आणि लेक जिओसिनेमावर हे बघ ते बघ करत चॅनल फिरवत होती, आणि फिरवता फिरवता ती एका अगदी शांत, सरळ रेषेत आखलेल्या पाण्यावर येऊन थांबली. कयाकची रेस. लांबलचक सुईसारख्या होड्या, प्रत्येकीत एकेक बाई, आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं ते वल्हं इतक्या जोरात फिरत होतं की मला आधी वाटलं व्हिडिओ फास्ट केलाय. न्यूझीलंडची लिसा कॅरिंग्टन जिंकली. तिचं हे आठवं ऑलिम्पिक सुवर्ण. आणि आठ सुवर्णांवर आता ती एकटी नाही, या खेळात तिच्या आधी आठ सुवर्णं घेतलेली एक जर्मन बाई आहे, बिर्गिट फिशर.

मी घडी घालायची थांबले असं काही झालं नाही. पण रात्री झोप येईना तेव्हा फोनवर ते नाव शोधलं, आणि मग दोन वाजले.

मला खेळातलं फार कळतं असं नाही. आमचं माहेर कोकणातलं, खाडीच्या काठावरचं, त्यामुळे होडी म्हणजे खेळ हे डोक्यातच बसत नाही. होडी म्हणजे तर, माणसांना पलीकडे नेणारी. शाळा पलीकडे, बाजार पलीकडे, आजोळ पलीकडे, तरीवाले नाना सकाळी सातपासून अंधार पडेस्तोवर लोकांना, सायकलींना, कधी बकऱ्यांना इकडून तिकडे नेत. त्यांनी आयुष्यात किती किलोमीटर वल्हवलं असेल याचा हिशोब कोणी केला नाही, आणि कोणी त्यांना कधी दुसऱ्या तरीबरोबर रेस लाव म्हणालं असतं तर त्यांनी त्या माणसाला भरतीच्या पाण्यात ढकललं असतं. पुण्यात आल्यावर मात्र मुळेच्या काठावर बसून सीओईपीची, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची, रेगाटा बघितली तेव्हा पहिल्यांदा कळलं की होडी शोभेसाठी आणि स्पर्धेसाठीपण असते. असो.

तर बिर्गिट फिशर. जन्म २५ फेब्रुवारी १९६२, गाव ब्रांडेनबुर्ग, हावेल नदीच्या काठचं, तेव्हाच्या पूर्व जर्मनीत. लहानपणापासून पाण्यात, मोठा भाऊ फ्रँक तोही कयाकमधला वर्ल्ड चॅम्पियन. घरातच खेळ. मग पोट्सडामला आर्मीच्या क्लबमध्ये. पोट्सडामचा भूगोल मला फार विचित्र वाटतो, तिथे हावेल नदी आणि तिची तळी एवढी पसरलेली आहेत की शहर पाण्यात बुडवून काढल्यासारखं दिसतं, आणि त्याच पाण्यातून त्या काळी पूर्व जर्मनी आणि पश्चिम बर्लिनची सीमा जात होती. हद्द जमिनीवर असते तेव्हा भिंत दिसते तरी. पाण्यात कसली हद्द, पाणी तर इकडून तिकडे जातंच.

१९८० साली मॉस्कोला ती पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. एकटीची कयाक, ५०० मीटर, वेळ १ मिनिट ५७.९६ सेकंद, सुवर्ण. कनू-कयाकमध्ये इतक्या लहान वयात ऑलिम्पिक सुवर्ण तोवर कोणी घेतलं नव्हतं. बल्गेरियाची वान्या गेशेव्हा दुसरी आली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

इथे एक सांगायला हवं, कारण मलाही ते त्या रात्रीच कळलं. या खेळाला आपण सगळे कनूइंग म्हणून टाकतो पण त्यात दोन वेगळ्या होड्या आहेत. कनूमध्ये एक गुडघा टेकून बसायचं आणि एकाच पात्याचं वल्हं एकाच बाजूने मारायचं, कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन पात्यांचं वल्हं डावं उजवं डावं उजवं. फिशर कयाकवाली. कयाकमध्ये एकटीची, दोघींची आणि चौघींची अशा होड्या असतात. एकटीची ५ मीटर २० सेंटिमीटर लांब आणि फक्त १२ किलोची, म्हणजे आमच्या तांदळाच्या पोत्यापेक्षा हलकी. चौघींची ११ मीटर. आणि रोइंगमध्ये जशी पाठ पुढे करून बसतात तसं नाही, इथे तोंड पुढे असतं, जिथे जायचंय ते दिसतं. मला हे का कोण जाणे पण फार आवडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या रात्री मी तिच्या पदकांची यादी वाचत होते. सहा ऑलिम्पिक, बारा पदकं, आठ सुवर्ण आणि चार रौप्य. १९८०, १९८८, १९९२, १९९६, २०००, २००४. सगळ्या रेस ५०० मीटरच्या, म्हणजे एकटीची दोन मिनिटांच्या आत, चौघींची दीड मिनिटाच्या आसपास. मला सवय आहे अशा फालतू बेरजा करायची, म्हणून केली. तिच्या बारा पदकांच्या बाराही फायनल एकापाठोपाठ एक लावल्या तर साधारण वीस-एकवीस मिनिटांत संपतात. वरणभात होईस्तोवर. आणि या वीस मिनिटांना पसरायला लागली चोवीस वर्षं. मग मी यादी बाजूला ठेवली आणि त्या मधल्या वर्षांकडे बघायला लागले, कारण खरं सांगू का, पदकं कशी मिळाली ते मला कळण्यासारखं नाही, पण मधली वर्षं मला कळतात.

पहिलं मधलं वर्ष १९८४. १९८१ ला तिने वर्ल्ड चॅम्पियनशिपला एकटीची, दोघींची आणि चौघींची, तिन्ही ५०० मीटर रेस जिंकल्या. १९८२ ला परत तिन्ही. १९८३ ला परत तिन्ही. बावीस वर्षं वय, फॉर्मच्या शिखरावर, आणि नेमकं लॉस एंजेलिसला बायकांची चौघींची कयाक पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये येत होती, म्हणजे मॉस्कोला बायकांना दोनच रेस होत्या त्या आता तीन झाल्या. आणि मे महिन्यात सोव्हिएत युनियनने बहिष्कार टाकला, मागोमाग पूर्व जर्मनीने. संपलं. मॉस्कोवर आधीच्या वेळी अमेरिकेने टाकलेल्या बहिष्काराचं हे उट्टं, राजकारण्यांचं त्यात काय गेलं. लॉस एंजेलिसला एकटीच्या कयाकमध्ये स्वीडनची आग्नेटा अँडरसन जिंकली, दोघींचीतपण तीच, आना ओल्सनबरोबर. तिचं सुवर्ण खोटं नाही, आलेल्यांमध्ये ती पहिली आली, पण १९८५ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हा फिशरने पुन्हा तिन्ही सुवर्णं उचलली. म्हणजे ८४ च्या आदल्या वर्षी तीन, नंतरच्या वर्षी तीन, आणि मध्ये एक भोक.

गंमत म्हणजे हीच आग्नेटा अँडरसन १२ वर्षांनी, १९९६ ला अटलांटात, दोघींच्या कयाकमध्ये फिशरसमोर आली आणि तिने तेव्हा फिशरला खरोखर हरवलं. मला हे वाचून बरं वाटलं, दोघींसाठीही. हिशोब पाण्यावरच मिटला.

मध्ये तिने लग्न केलं, यॉर्ग श्मिटशी, तोही कनूवाला, नाव बिर्गिट श्मिट झालं. १९८६ ला मुलगा झाला. १९८७ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपला परत तिन्ही सुवर्णं. हे वाक्य मी तीनदा वाचलं. मूल झाल्यावर पुढच्या वर्षी.

माझं सांगते. माझी लेक झाली तेव्हा मी जिथे नोकरी करत होते तिथे सहा महिन्यांनी परत गेले, तर माझी खुर्ची होती, कॉम्प्युटर होता, पण माझं काम नव्हतं. ते दुसऱ्या कोणालातरी दिलेलं होतं आणि मला सांगितलं की तू आता हळूहळू घे, ताण नको. बोलणारा माणूस चांगल्या मनाने बोलत होता. पण त्या 'हळूहळू घे'ने मला जे मागे टाकलं ते भरून काढायला चार वर्षं गेली. आणि सगळे त्याला काय म्हणायचे, कमबॅक. अगं छान कमबॅक केलंस. मला तो शब्द तेव्हापासून आवडत नाही. कमबॅक म्हणजे तुम्ही कुठेतरी गेलात आणि जागा तशीच वाट बघत थांबली. जागा थांबत नसते हो.

आणि कयाकमध्ये तर हे अगदी शब्दशः आहे. नेमक्या त्याच १९८५-८७ च्या काळात या खेळात वल्हंच बदललं. आधीचं पातं चमच्यासारखं, ते पाण्यात घालून सरळ मागे ओढायचं. स्वीडिश लोकांनी पंखाच्या आकाराचं पातं आणलं, विमानाच्या पंखासारखं वळलेलं, आणि ते सरळ मागे ओढून चालत नाही, होडीपासून बाहेरच्या दिशेला तिरकं न्यावं लागतं, तेव्हा ते पाण्याला पकडतं. म्हणजे लहानपणापासून खांद्याला, कंबरेला, पायाला जी सवय लावलीय ती सोडून नवी लावायची. तीसुद्धा बाळंतपणाच्या सुमारास. मी स्वतः बाळंतपणानंतर ऑफिसमध्ये नवीन सॉफ्टवेअर शिकले आणि त्याबद्दल आजही लोकांना सांगत असते.

१९८८, सोल. दोघींची सुवर्ण, चौघींची सुवर्ण, आणि एकटीची? दुसरी. गेशेव्हा पहिली. मॉस्कोला मागे राहिलेली तीच वान्या गेशेव्हा, आठ वर्षांनी, १२ शतांश सेकंदांनी पुढे. १२ शतांश म्हणजे किती ते मी डोळे मिचकावून बघायचा प्रयत्न केला, त्यापेक्षाही कमी. नवरा यॉर्गला त्याच सोलमध्ये कनूच्या १००० मीटरमध्ये रौप्य. घरी दोन वर्षांचा मुलगा. मग तिने थांबायचं ठरवलं, १९८९ ला मुलगी झाली, आणि त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली.

हे मधलं भोक सगळ्यात मोठं आहे असं मला वाटतं, वर्षांनी नाही, तरी. ती थांबली तेव्हा तिचा देश होता, आर्मीचा क्लब होता, सरकारी खेळाची ती प्रचंड यंत्रणा होती. परत उभी राहिली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ३ ऑक्टोबर १९९० ला देशच संपला. ज्या देशाच्या जर्सीत ती जिंकली होती त्याचं राष्ट्रगीत आता पुन्हा कुठल्याही स्टेडियममध्ये वाजणार नव्हतं.

आणि त्या देशाबद्दल बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. पूर्व जर्मनीत खेळाडूंना औषधं देण्याचा सरकारी कार्यक्रम होता, कित्येक कोवळ्या मुलींना काय दिलं जातंय हेही माहीत नसायचं, आणि त्यांची शरीरं आयुष्यभर ते भोगत राहिली. फिशरवर यातलं कधी काही सिद्ध झालेलं नाही. पण त्या काळातली कुठलीही वेळ, कुठलंही पदक बघताना तो विचार मनात येतोच, आणि तो येऊ नये असं मी म्हणणार नाही. मी एवढंच बघते की तिच्या आठ सुवर्णांपैकी पाच भिंत पडल्यानंतरची आहेत.

१९९२ बार्सिलोना. दोन मुलांची आई, तिशीची, एकत्र जर्मनीची. एकटीची कयाक, ५०० मीटर, पुन्हा सुवर्ण, १ मिनिट ५१.६० सेकंद. मॉस्कोपेक्षा सहा सेकंद जलद. पाणी, वारा, होडी, वल्हं सगळं वेगळं, त्यामुळे अशी तुलना करायची नसते म्हणतात, तरी मी केली. हंगेरीची रिटा कोबान दुसरी. त्यानंतर घटस्फोट, नाव परत फिशर. १९९६ अटलांटा, चौघींची सुवर्ण. २००० सिडनी, दोघींची आणि चौघींची, दोन्ही सुवर्ण. अडतीस वर्षांची. आता मात्र बास म्हणाली.

हे मी भरभर सांगतेय कारण मला अथेन्सपर्यंत पोचायचंय.

२००३ मध्ये तिच्यावर एक डॉक्युमेंटरी चालली होती, शूटिंगसाठी म्हणून ती पुन्हा होडीत बसली. कॅमेऱ्यासाठी. आणि बसल्यावर तिला वाटलं की अजून जमेल. बस एवढंच. ही गोष्ट मला इतकी घरगुती वाटते ना, म्हणजे पाहुण्यांना दाखवायला म्हणून आपण जुनी पेटी काढतो आणि पाहुणे गेले तरी वाजवतच बसतो. ती एकेचाळीस वर्षांची होती, ऑलिम्पिक जेमतेम वर्षावर. आणि परत एकदा जागा बदललेली. आधी कयाकच्या रुंदीला किमान मर्यादा होती, एकटीच्या होडीला ५१ सेंटिमीटर, त्यामुळे होडी बनवणारे बसण्याच्या मागे तो फुगवटा द्यायचे, नियमापुरता. सिडनीनंतर तो नियम काढला. होड्या अरुंद झाल्या, म्हणजे जास्त जलद आणि जास्त डुगडुगणाऱ्या. ज्यांनी आयुष्यात कधी अरुंद होडीत बसून बघितलं नसेल त्यांना हे दोन सेंटिमीटर चार सेंटिमीटर म्हणजे काय ते कळणार नाही. मलाही कळलं नसतं.

मला कळलं ते देवबागला. हे सगळं वाचून झाल्यावर त्या डिसेंबरात आम्ही तारकर्लीला गेलो होतो, आणि कर्ली नदीच्या खाडीत तिथे हल्ली प्लॅस्टिकच्या रंगीत कयाक भाड्याने देतात. दोघांची घेतली. लेक पुढे, मी मागे. प्लॅस्टिकची ती होडी म्हणजे टबच, रेसच्या कयाकसमोर म्हैस आहे म्हैस, तरी पहिल्या दहा मिनिटांत माझं वल्हं लेकीच्या वल्ह्याला सात वेळा आपटलं. खट. परत खट. मी जोरात मारत होते. मला वाटत होतं मी मोठी, मला खाडी माहीत आहे, माझ्या हातात ताकद आहे, मी ओढते, ही पोरगी नुसती पाणी उडवतेय. कयाकवाला मुलगा शेजारच्या होडीतून ओरडला, "ताई, पाण्याक मारू नकात! पाण्याक धरा आणि वडा!" आणि लेक मान न वळवता म्हणाली, "आई, तू माझ्या पाठीकडे बघ ना. मी पुढे आहे."

त्या वाक्याने मी जरा चपापले. पण खरंच होतं. दोघांच्या, चौघांच्या कयाकमध्ये सगळ्यांत पुढची व्यक्ती लय ठरवते, मागच्यांनी ती उचलायची. मागच्याने स्वतःची लय चालवली तर होडी सरळ जात नाही, नुसती डोलते आणि पाणी आत येतं. मी लेकीच्या पाठीकडे बघायला लागले. लाल लाइफ जॅकेट, त्यावर ओली वेणी, उजवा खांदा पुढे गेला की माझाही उजवा. तिची लय माझ्यापेक्षा पटपट होती आणि मला ती दमवत होती, पण खटखट थांबली. होडी चक्क पुढे जायला लागली. कांदळवनाच्या कडेने, सुकतीचं पाणी होतं, खेकडे चिखलात पळत होते, आणि मी चौदा वर्षांच्या पोरीच्या तालावर वल्हं मारत होते. हात दुसऱ्या दिवशी वर जात नव्हते, कंगवासुद्धा धरवेना, ते वेगळं.

आणि मला अथेन्स तिथे, त्या म्हशीसारख्या होडीत, नीट समजलं. ऑगस्ट २००४. चौघींची कयाक. बिर्गिट फिशर, माइके नोलेन, कात्रिन वाग्नर, कारोलिन लेओनहार्ट. यातली लेओनहार्ट १९८४ च्या नोव्हेंबरातली, म्हणजे फिशरने मॉस्कोला सुवर्ण घेतलं तेव्हा तिचा पत्ताच नव्हता. ज्या वर्षी फिशरची ऑलिम्पिक हुकली त्या वर्षी ही जन्मली. एक बेचाळीस, एक एकोणीस, एकाच होडीत, आणि होडीला वय कळत नाही. चौघींची एका बाजूची चार पाती पाण्यात एकाच क्षणी पडायला हवीत आणि एकाच क्षणी बाहेर यायला हवीत, मिनिटाला शंभराच्या वर वेळा. मी त्या फायनलचा व्हिडिओ किती वेळा बघितला असेल. हंगेरीची होडी पुढे आहे, जगज्जेती टीम, त्यांच्यात काटालिन कोव्हाच, आणि त्या छान चालल्यात, घाई नाही. जर्मन होडी मागे. शेवटच्या टप्प्यात काहीतरी होतं, काय होतं ते मला तांत्रिक भाषेत सांगता यायचं नाही, पण ती होडी पाण्यातून थोडी वर आल्यासारखी वाटते, आणि हंगेरीचं टोक, जर्मनीचं टोक, हंगेरी, जर्मनी, आणि रेषा. दोन होड्यांत पाव सेकंदसुद्धा नाही. साधारण वीस शतांश. सोलला १२ शतांशांनी गेलं होतं.

अठराव्या वर्षी या खेळातली सगळ्यात लहान ऑलिम्पिक विजेती आणि बेचाळिसाव्या वर्षी सगळ्यात मोठी, दोन्ही टोकांना तीच. त्या वर्षी जर्मनीत वर्षाची सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तिलाच निवडलं.

नंतर २००८ च्या यादीत चौघींच्या कयाकमध्ये जर्मनीला परत सुवर्ण आणि पहिलंच नाव फिशर, ते वाचून मी रात्री दीड वाजता एकटीच "बाप रे" म्हणाले, शेचाळिसाव्या वर्षी? मग नीट वाचलं, फॅनी फिशर. भाची निघाली. बिर्गिट परत प्रयत्नाला लागली ती २०१२ लंडनसाठी, पन्नाशीत, पण हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले आणि थांबावं लागलं. या वेळचं थांबणं तिचं नव्हतं. त्याच लंडनला योझेफा इडेम सत्तेचाळिसाव्या वर्षी एकटीच्या कयाकच्या फायनलला होती. ती मूळची पश्चिम जर्मनीची, नंतर इटलीची, तिचं पहिलं ऑलिम्पिक पदक १९८४ चं, त्याच लॉस एंजेलिसचं जिथे फिशर नव्हती. तिच्यावर वेगळा लेख लिहायला हवा. पुढच्या वर्षी ती इटलीत मंत्रीसुद्धा झाली.

आपल्याकडे विचारतात, भारतात हा खेळ आहे का. आहे. १९९४ च्या हिरोशिमा एशियाडला दोघांच्या कनूत १००० मीटरला कांस्य आलं होतं, मग थेट हांगझोला २०२३ मध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी त्याच रेसमध्ये पुन्हा कांस्य आणलं. मध्ये एकोणतीस वर्षं. सुनील मणिपूरचा. एवढी मोठी भोकं आपल्याकडे कोणी मोजतच नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर तर खाड्याच खाड्या आहेत, त्यात सकाळ-संध्याकाळ वल्हं मारणारी माणसं आहेत, असो, तो राग वेगळा.

अथेन्सच्या त्या सुवर्णाबद्दल जितकं लिहिलं गेलंय त्याच्या पासंगालाही दुसऱ्या दिवसाबद्दल लिहिलेलं मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दोघींची कयाक होती. फिशर आणि लेओनहार्ट. बेचाळीस आणि एकोणीस, मधल्या दोघी आता नाहीत. समोर कोव्हाच आणि नताशा यानिच, त्यातली यानिच त्याच दिवशी एकटीची रेसही जिंकली. हंगेरी पहिली, फिशर-लेओनहार्ट दुसऱ्या. फिशरचं हे बारावं आणि शेवटचं ऑलिम्पिक पदक.

हा व्हिडिओ मी लेकीला दाखवला. देवबागहून परतल्यावर, खांद्याला बाम चोळत. तिने पूर्ण बघितला, परत मागे घेतला, मध्येच थांबवून स्क्रीनवर बोट ठेवलं.

"आई, बघ, दोघींची वल्ही किती सेम पडतायत."

मी म्हटलं, "हरल्या पण."

"हो, ते कळलं मला," ती म्हणाली, आणि परत मागे घेतला.